नको झालेला घोडा: सोडवायचा कसा, पोसायचा कसा, सांभाळायचा कसा

बरगड्या मोजता येतील असा घोडा रस्त्यात दिसला की माणसाचा हात आधी खिशाकडे जातो. मला येणारे बरेच फोन असेच असतात. "ताई, मालक पंधरा हजारांत द्यायला तयार आहे, घेऊन टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: घेऊ नका. त्या पंधरा हजारांत मालक पुढच्या बाजारातून दुसरं तट्टू आणतो आणि त्याच खुंट्याला बांधतो. सुटलेला घोडा उभा राहतो तुमच्या दारात. त्याला खायला काय घालायचं, हे तुम्हाला ठाऊक नसतं. एकाच्या जागी दोन जनावरं अडचणीत येतात.

मी कर्जत तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याशी राहते. भाताची शेती आहे, आंब्याची झाडं आहेत आणि त्या झाडांखाली कुणाला ना कुणाला नको झालेले घोडे आहेत. आधी जिथे आहे तिथे घोड्याला मदत करा. घरी तेव्हाच आणा, जेव्हा त्याच्या मरणापर्यंतची सोय तुमच्याकडे असेल. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघालं आहे.

घोडा नको का होतो?

शर्यतीचा थरोब्रेड दोन वर्षांचा असताना पळायला लागतो. सहा-सात वर्षांचा झाला, किंवा त्याआधीच पायाची शीर दुखावली, की त्याचं तिथलं काम संपतं. घोडा पंचवीस ते तीस वर्षं जगतो. म्हणजे हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि पावसाळ्यात पुण्याला पळणाऱ्या घोड्यांपुढे निवृत्तीनंतरचं दीड-दोन दशकांचं आयुष्य उभं असतं. काही रायडिंग स्कूलला जातात, काही हौशी स्वारांकडे. उरलेले हातोहात विकले जातात आणि दर हाताला किंमत उतरत जाते.

दुसरी तऱ्हा लग्नाच्या घोडीची. तिसरी अलिबाग, काशीदच्या किनाऱ्यावरच्या आणि माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीच्या तट्टांची. चौथी वीटभट्टीवरच्या तट्टांची आणि खेचरांची. पावसाळ्यात भट्टी बंद झाली की काही मालक जनावर मोकळं सोडून देतात, कारण चार महिने बसून खाणारं तोंड त्यांना परवडत नाही.

आणखी एक कारण शहरातल्या वाचकाला सांगूनही पटत नाही. अंगावरचा भोवरा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेडजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गिऱ्हाईक आधी केसांचे भोवरे बघतं. गळ्याखाली देवमण नावाचा शुभ भोवरा असेल तर किंमत वाढते, भलत्या जागी भोवरा असेल तर धट्टाकट्टा घोडाही अशुभ म्हणून पडून राहतो. असा घोडा शांत असतो, निरोगी असतो, फक्त त्याला दावणीला बांधायला कुणी तयार नसतं. दत्तक घ्यायला याहून चांगला घोडा मिळणं कठीण.

मुंबईच्या व्हिक्टोरियाचं उदाहरण मी नेहमी देते. 2015च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शौकाच्या सवारीसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितल्या. निकाल योग्यच होता. दगडी-डांबरी रस्त्यावर दिवसभर उभं राहून त्या घोड्यांचे गुडघे आणि खूर संपत होते. पण निकालाने गाडी थांबते, घोड्याचं पोट थांबत नाही. कुठलीही बंदी मागताना "घोडे जाणार कुठे आणि त्यांचा दाणा-चारा कोण देणार?" हा प्रश्न त्याच अर्जात असला पाहिजे.

रस्त्यावर घोडा दिसला तर

जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, हळू बोलत. मागून नाही, तोंडासमोरूनही नाही. घोड्याला नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही.

फोटो आधी काढा: चारही बाजू, पायांच्या जखमा, तोंडाचे कोपरे, दाव्याच्या जागा, आणि मागे ठिकाण ओळखू येईल अशी एखादी खूण. मग तळहात बरगड्यांवर ठेवा. लांब केसांमुळे, विशेषतः थंडीत, डोळ्यांना घोडा भरलेला दिसतो, हाताला फसवता येत नाही. चांगल्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना लागतात. त्या दिसत असतील, पाठीचा कणा वर आलेला असेल, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले असतील, तर घोडा बऱ्याच काळापासून उपाशी आहे. डॉक्टर याला 1 ते 9 असे गुण देतात. 1983 साली हेनेके यांनी बसवलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. 5 म्हणजे नेमका बांधा, 1 म्हणजे नुसता सापळा. तक्रारीत "फार वाईट अवस्था" लिहिण्यापेक्षा डॉक्टरांकडून "गुण 2" लिहून घ्या. पोलिसांपुढे आणि कोर्टापुढे आकडा उभा राहतो.

जनावर जखमी किंवा पडलेलं असेल तर 1962 हा पशुसंवर्धन विभागाचा क्रमांक लावा, त्यावर फिरता दवाखाना मिळतो. मारहाण डोळ्यांसमोर चालू असेल तर 112. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल आणि तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा-पुणे पट्ट्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, सांगली-सोलापूरकडे कष्टाच्या जनावरांसाठी काम करणारी अ‍ॅनिमल राहत, ही नावं फोनमध्ये साठवून ठेवा. घोड्याला हात लावलेला डॉक्टर शोधणं हेच मोठं काम आहे. गाई-म्हशी बघणारे डॉक्टर गावोगाव आहेत, घोडा रोज बघणारे फार थोडे.

कायद्याचं बोट धरायचं ते असं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा, त्यातलं कलम 11. पुरेसं अन्नपाणी न देणं, आजारी जनावराला कामाला जुंपणं, उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये, आणि मला याचा मनापासून संताप येतो. तरीही तक्रार करा. दंड छोटा असला तरी गुन्हा नोंदवला गेला की जनावर ताब्यात घेण्याचा रस्ता उघडतो. जनावराला ठार मारलं किंवा जायबंदी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात तुरुंगवास आहे. आणि लगामाच्या कडीला आतून काटे असतील तर तो लगामच बेकायदेशीर आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांबद्दलच्या 1965च्या नियमांत त्याला बंदी आहे. लग्नाच्या घोड्यांच्या तोंडात तो आजही सापडतो.

पोलिसांनी जप्त केलेला घोडा तुमच्या अंगणात येईल असं समजू नका. खटला चालू असेपर्यंत तो मुद्देमाल असतो आणि 2017च्या नियमांप्रमाणे प्राणिकल्याण संस्था, पांजरापोळ अशा ठिकाणी ठेवला जातो. तुम्ही त्या संस्थेला त्याच घोड्याचा खर्च द्यायला लागा. पुढे त्याला घर लागेल तेव्हा तुमचं नाव आधी येतं.

मालक न सापडणाऱ्या घोड्यासाठी कोंडवाडा आहे. 1871च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात "गुरं" या शब्दात घोडा, घोडी, शिंगरू, खेचर, गाढव सगळे येतात. मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही तर जाहीर लिलाव होतो. पैसे मोजून घोडा घ्यायला मी इथे मात्र हरकत घेत नाही, कारण हे पैसे घोड्यांच्या दलालाकडे जात नाहीत. लिलावाची सूचना कुठे लागते हे नगरपालिकेत विचारून ठेवा आणि स्वतः हजर राहा.

मालकाशी बोलताना

आमच्याकडे डोंगरावरच्या घोडेवाल्यांशी माझा रोजचा संबंध येतो. बहुतेकांचं घर त्या एका घोड्यावर चालतं. पावसात माथेरानची नेरळ ते अमन लॉज छोटी गाडी बंद असते, पर्यटक आटतात, आणि घोड्याच्या चाऱ्याला पैसा उरत नाही. अशा माणसाला दरडावून काहीही हाती लागत नाही. "दादा, महिनाभर मी गवत घालते, त्याच्या पाठीची जखम भरेपर्यंत खोगीर चढवू नका," असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. पाठीवर मऊ नमदा, दोन खेपांच्या मध्ये पाणी, ढिला झालेला नाल वेळेवर बदलणं, एवढ्याने घोड्याचे कष्ट बरेच हलके होतात. याला कुणी सुटका म्हणत नाही. पण घोडा त्याच्या ओळखीच्या जागी, ओळखीच्या सोबत्यांजवळ राहतो.

जो मालक म्हणतो, "ताई, माझ्याने आता होत नाही, घेऊन जा, धंदाच सोडतोय," त्याचा घोडा आणा. विकत नव्हे, स्वखुशीने दिलेला. त्या वेळी चालू असेल त्या किमतीच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या: घोड्याचं वर्णन, रंग, पांढरे पाय, कपाळावरचं टिकलं, भोवरे, वय, दोन्ही बाजूंचे फोटो, दोन साक्षीदार. थरोब्रेड असेल तर त्याची नोंद भारतीय स्टड बुकात असते. त्याचे कागद मागून घ्या, म्हणजे वय आणि नाव खरं कळतं. कागद नसला तर सहा महिन्यांनी, घोडा अंगाने भरल्यावर, कुणाचा तरी भाऊ हक्क सांगायला येतो.

आणण्याआधी रक्त तपासा

हे टाळून चालणार नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. नाकातून घट्ट, चिकट स्राव, पायांवर ओळीने गाठी आणि फुटलेल्या जखमा ही त्याची लक्षणं, पण कधी कधी बाहेरून काहीच दिसत नाही. सरकारी पशुवैद्यक रक्त घेतात आणि नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. त्याच वेळी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचीही तपासणी करून घ्या. ग्लँडर्स निघाला तर त्यावर उपचार करायचे नसतात. सरकारी यंत्रणा त्या घोड्याला मरण देते आणि परिसरातल्या इतर घोड्यांची तपासणी होते. आपल्या तबेल्यातल्या बाकीच्यांसाठी, आणि खरारा करणाऱ्या आपल्या हातांसाठी, हा निकाल येईपर्यंत नवा घोडा वेगळा ठेवावा लागतो. वेगळा म्हणजे वेगळी बादली, वेगळा खरारा, वेगळं दावं. त्याच्याकडचं काम सगळ्यांत शेवटी, आणि नंतर हातपाय धुणं.

टेम्पोने आणताना डॉक्टरांचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो, 1978च्या वाहतूक नियमांत तो सक्तीचा आहे. तळाला रबरी चटई, तिच्यावर जाड पेंढा. चढायला भक्कम फळी. तोंडात लगाम नको, फक्त म्होरकी. दोर इतकाच लांब ठेवा की मान खाली करून खोकता येईल, पण पाय अडकणार नाही. उन्हाळ्यात रात्री निघा आणि दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा.

पहिले दहा दिवस

उपाशी घोडा दया करून मारला जातो, हे मी सगळ्यांना अगदी स्पष्ट सांगते. हाडाची काडं झालेलं जनावर आलं की घरातलं, शेजारचं, प्रत्येक माणूस काहीतरी घेऊन येतो. गूळ, भिजवलेले हरभरे, भाकरी, गव्हाची खीर. यातलं काहीही द्यायचं नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिठूळ आणि गोड गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडतं. हे पहिल्याच दिवशी होत नाही. तीन-चार दिवसांनी, घोडा सुधारतोय असं वाटत असताना होतं.

सुरुवात लसूणघासाने, म्हणजे लुसर्न या चाऱ्याने करा. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं आणि खनिजं भरपूर. उपाशी घोड्यांवर अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी जे काम केलं, त्यातूनही हीच पद्धत निघाली: वाळलेला लसूणघास दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा, पहिले तीन दिवस. ओला घास असेल तर तेवढ्यासाठी दोन किलोंच्या आसपास लागतो, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. हे माप मोठ्या अंगाच्या घोड्याचं आहे, आपल्या तट्टाला त्याहून कमी. नेमका आकडा डॉक्टर ठरवतील. चौथ्या दिवसापासून एका वेळचं माप हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. दहा दिवसांनंतर गवत पोटभर. चंदी, म्हणजे हरभरा, ओट, कोंडा, याचा विचार त्याही नंतर. घोडा पुन्हा अंगावर यायला कित्येक महिने लागतात, आणि तेच बरोबर आहे.

पाणी नेहमी पुढ्यात. सैंधवाचा खडा जवळ टांगलेला. आमच्या कोकणपट्ट्यात हाताशी असतो तो भाताचा पेंढा. तो अंथरायला उत्तम, पण एकट्या पेंढ्यावर घोडा जगत नाही आणि कोरडा पेंढा पोटात अडकून बसतो. गवताला बुरशीचा वास येत असेल तर गाईला चालतं म्हणून घोड्याला घालू नका. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वाईट बाहेर काढायचा रस्ताच त्याच्याकडे नाही.

म्हणून पोटशूळ ओळखायला शिका. पुढच्या पायाने जमीन उकरणं, सारखं वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ वळवणं, घाम, लोळणं, लीद बंद होणं. यातलं काहीही दिसलं की खाणं काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. बांबूच्या नळीने तेल पाजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते तेल फुप्फुसात गेलं की घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकातून नळी पोटापर्यंत घालून औषध देतात. ते काम त्यांचंच.

रोज सकाळी तीन गोष्टी वहीत लिहा. ताप: 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस. नाडी: जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं की लागते, स्वस्थ उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44. श्वास: 8 ते 16. हिरडीवर अंगठा दाबून सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे.

घोडी असेल तर ती गाभण आहे का हे लगेच तपासून घ्या. पोट सुटलेलं दिसतं ते जंतांमुळे असं लोक म्हणतात आणि पुढे शिंगरू होतं. गर्भ अकरा महिन्यांचा असतो, आणि उपाशी घोडीला दोघांचं खायला लागतं. घोडा असेल तर अंगाने सावरल्यावर खच्ची करून घ्या. ज्या जातीला आधीच घरं मिळत नाहीत, तिच्यात आणखी एकाची भर घालणं योग्य नाही.

धनुर्वाताची लस पहिल्याच भेटीत. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि खिळ्याची बारीकशी जखमही पुरते. रेबीजची लसही घ्या. जंताचं औषध मात्र लीद तपासून, डॉक्टर म्हणतील तेव्हा. अगदी खंगलेल्या जनावराला पहिल्या दिवशी जोराचं औषध झेपत नाही. पावसाळ्यात ताप येऊन-जाऊन, पायांवर सूज आणि खाऊनही वाळत जाणं असं दिसलं तर रक्तात सर्रा या रोगाचे जंतू आहेत का हे बघायला सांगा. चावऱ्या गोमाशा हा रोग पसरवतात.

खूर

खुरावर मी जास्त लिहिणार आहे, कारण लोक तोंडाकडे बघतात आणि पाय विसरतात.

आमच्याकडे मैना नावाची घोडी आहे, पूर्वी लग्नात नाचवायची. तिच्या ओठांच्या कोपऱ्यांत काट्यांचे पांढरे वण आहेत. ती लंगडायची मात्र पायांमुळे. नाल महिनोन्‌महिने न काढल्यामुळे खूर पुढे वाढून चपलेसारखा वळला होता. नालबंदकाकांनी नाल काढला, जुने खिळे एकेक करून ओढले आणि वाढलेला भाग एकदम कापला नाही. थोडा कापायचा, काही आठवडे चालू द्यायचं, पुन्हा थोडा. एकदम कापला तर पायाच्या शिरांवर ताण येतो. तुमच्या नालबंदाला घाई असेल तर त्याला थांबवा.

एरवी सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायचे. रोज पाय उचलून आकडीने तळवा साफ करायचा, टाचेकडून टोकाकडे. तळव्याच्या मधोमध त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत चिखल आणि लीद साचते. पावसाळ्यात तिथे काळपट चिकट द्रव आणि कुजका वास आला की खूर सडायला लागला आहे. साफ करा, कोरडा करा, डॉक्टरांनी दिलेलं औषध कापसाने खाचेत भरा, आणि मुख्य म्हणजे घोडा उभा राहतो ती जागा कोरडी करा. मुरूम घातलेला उंचवटा, वर छप्पर, तीन बाजू उघड्या. बंद खोलीत लिदीच्या वाफेने डोळे आणि फुप्फुसं बिघडतात.

खूर हाताला गरम लागत असतील आणि घोडा पुढचे पाय ताणून मागे रेलून उभा असेल तर तो खुराच्या आतल्या सुजेचा आजार आहे. त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

दातांचं थोडक्यात: घोड्याचे दात झिजत झिजत वर येत राहतात आणि कडा धारदार होतात. खाताना घास अर्धा चावून गोळे खाली पडत असतील तर दात घासून घ्यायची वेळ झाली आहे. म्हाताऱ्या घोड्याला दातच उरले नसतील तर गवत बारीक कापून, भिजवून द्या.

कागदावर हिशेब

दत्तक घ्यायच्या आधी वजन काढा. टेलरची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,900. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर वजन साधारण 320 किलो. घोडा रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुका चारा खातो, म्हणजे या तट्टाला 6.4 किलो. वर्षाला 2.3 टनांहून जास्त. पावसाच्या चार महिन्यांसाठी पावणेआठशे किलो गवत कोरड्या जागी रचून ठेवावं लागतं. तुमच्या भागातला भाव विचारा आणि गुणाकार करा. त्यावर नालबंद, लसी, जंताचं औषध आणि एका मोठ्या आजारपणाची बाजूला ठेवलेली रक्कम. हा आकडा पुढची पंधरा वर्षं झेपेल का, हे घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा.

दुसरी अट जागेची आणि सोबतीची. घोडा कळपातलं जनावर आहे. एकटा ठेवला की तो लाकूड कुरतडतो, जागच्या जागी डुलत राहतो, खाणं सोडतो. दुसरा घोडा नसेल तर गाढव चालतं, शेळीही काही घोडे मानतात. शहरातल्या बंगल्याच्या मागच्या अंगणात घोडा ठेवू नये, कितीही प्रेम असलं तरी.

तिसरी अट स्वारीची. ज्यांना मुलांना बसवायला घोडा हवा आहे, त्यांना मी देत नाही. सुटून आलेल्या कित्येक घोड्यांच्या पाठी आणि पाय संपलेले असतात. शर्यतीचा घोडा नवशिक्याच्या हातात द्यायचा नसतोच. तो पळायला शिकलेला असतो, थांबायला नव्याने शिकवावं लागतं.

दत्तकाच्या करारात मी हे लिहून घेते: विकायचा नाही, पैदाशीला वापरायचा नाही, लग्नात किंवा मिरवणुकीत न्यायचा नाही. न सांगता आलं तरी घोडा दाखवायचा. झेपलं नाही तर माझ्याकडेच परत. आणि तुम्हाला काही झालं तर घोडा कोण बघणार, त्या माणसाचं नाव आणि सही. शेवटचा मुद्दा काढला की लोक गप्प होतात. ज्याच्याकडे ते नाव असतं, तो खरा तयार झालेला माणूस.

मरणाचंही आधी बोलून ठेवा. पाय मोडलेला, उठू न शकणारा, वेदनेतून सुटण्याची आशा नसलेला घोडा झोपवायची मुभा 1960च्या कायद्यात आहे, आणि डॉक्टर तो निर्णय सांगतात तेव्हा त्यांना रोखू नये. खड्डा खोल लागतो, विहीर आणि ओढ्यापासून लांब, आणि जेसीबी लागतो. पावसात शेतात जेसीबी जात नाही, म्हणून जागा आधी ठरवलेली असावी.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्यासाठी

एका घोड्याचा खर्च उचलणं हे दत्तकापेक्षा कमी नाही. माझ्या मते बहुतेकांनी हेच करावं. संस्था निवडताना नोंदणी आणि 80-जीची, म्हणजे करसवलतीची, पावती बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्यक्ष जा. सगळ्यांत म्हातारा घोडा दाखवा म्हणावं. त्याचे खूर बघा, दात कधी तपासले ते विचारा. तिथे शिंगरं जन्मत असतील तर का, हे विचारा. तुमच्या घोड्याचा फोटो दर महिन्याला मागा, आणि तो गेला तर ते तुम्हाला कळवलं पाहिजे, हे आधीच सांगून ठेवा.

एकरकमी देणगी गोड असते, पण तबेला चालतो दर महिन्याच्या पैशावर. छोटी रक्कम ठरवा आणि ती चुकवू नका. लोक जखमी घोड्याच्या फोटोवर पैसे पाठवतात, नालबंदाचं बिल भरायला कुणी पुढे येत नाही. ते बिल उचला. किंवा दोन-तीन कुटुंबं मिळून एखाद्या डोंगरावरच्या घोडेवाल्याच्या तट्टाचा पावसाळा उचला. त्यासाठी पैसे हातात देऊ नका, गवतच द्या, आणि मे संपायच्या आत गाडी लावा. जूनमध्ये भाव चढतो आणि वाटेत भिजलेल्या गवताला आठवड्याभरात बुरशी धरते. गाडी उतरताना एक पेंडी मधूनच ओढून फोडा, आत हात घाला, वास घ्या. हाताला ऊब लागली तर ती गाडी परत पाठवा. कोरडं असेल तर वजन करून पावतीवर किलो लिहून घ्या आणि खाली फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर लांब रचायला सांगा.